नाव झाकून वाचलेले नारळीकर : एका विज्ञानलेखकाच्या कारकिर्दीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील विज्ञानविषयक लेखनाची परंपरा जवळजवळ मराठी नियतकालिकांइतकीच जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये सुरू केलेल्या 'दिग्दर्शन' मासिकाने शास्त्रीय विषय मराठी वाचकासमोर ठेवले. १९२८ मध्ये पुण्यातून 'सृष्टिज्ञान' निघू लागले, तर १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. या परंपरेत डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे स्थान वेगळे आहे. पूर्वीचे बहुतेक विज्ञानलेखक हे विज्ञानाचे शिक्षक किंवा अभ्यासू भाष्यकार होते. नारळीकर हे स्वतः विश्वरचनाशास्त्रात मूलभूत संशोधन करणारे आणि त्याच वेळी सामान्य वाचकासाठी आयुष्यभर मराठीत लिहीत राहिलेले लेखक होते.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८६ वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या व्यक्तीच्या निधनानंतर आदरपर लेखन होते ते स्वाभाविकच आहे. तथापि महाविद्यालयीन अध्यापकांपुढे त्याहून निराळे एक काम उरते. नारळीकरांच्या कथा व लेख वर्गात शिकवायचे असतील, तर त्यांचे मूल्य कशात आहे आणि उणिवा कोठे आहेत, हे आपणांस सांगता आले पाहिजे. 'थोर शास्त्रज्ञाने लिहिले, म्हणून अभ्यासावयाचे' एवढे कारण पुरेसे नाही. किंबहुना असे कारण स्वीकारणे हे खुद्द नारळीकरांच्या विचारपद्धतीच्या विरोधी ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कोणताही दावा त्याच्यामागील नाव बाजूस ठेवून तपासावा, हे सूत्र त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत आढळते. तेच सूत्र त्यांच्या लेखनास लावून पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

जीवन आणि कारकीर्द

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर आई सुमती या संस्कृतच्या जाणकार होत्या. बालपण व शिक्षण बनारसला झाले. १९५७ मध्ये तेथून विज्ञानाची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि १९६३ मध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६४ मध्ये हॉईल व नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुण्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अंतर्गत 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय संस्था उभी राहिली. तिचे ते संस्थापक संचालक होते आणि २००३ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. मोठ्या संशोधन संस्थांमधील साधने व सहवास देशभरातील विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांना उपलब्ध व्हावा, ही या संस्थेमागील कल्पना आहे. त्यामुळे अध्यापकवर्गाला नारळीकरांची ही बाजू विशेष जवळची वाटावी. याच परिसरात शाळकरी मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' सुरू झाली. तिच्या वास्तूस पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 'पुलस्त्य' हे नाव आहे.

विज्ञानप्रसारासाठी १९९६ मध्ये त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे ही ती चार नगरे होत. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या विज्ञानकथांस न मिळता आत्मचरित्रास मिळाला. विज्ञानकथेकडे पाहण्याचा आपल्या साहित्यव्यवहाराचा संकोच यातून सूचित होतो काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

टोपणनावाने लिहिलेली पहिली कथा

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. त्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव होते 'नारायण विनायक जगताप'. कथेस पहिले पारितोषिक मिळाले आणि हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर असल्याचे नंतर उघड झाले. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने मांडून ना. वि. ज. हे नाव तयार केले होते. आपले प्रसिद्ध नाव परीक्षकांच्या निर्णयावर दडपण आणील, म्हणून त्यांनी ते झाकले.

या प्रसंगाकडे सामान्यतः एक गमतीदार आठवण म्हणून पाहिले जाते. परंतु तो त्याहून अर्थपूर्ण आहे. पद्मभूषण मिळालेल्या, वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचलेल्या शास्त्रज्ञाने पाठवलेली कथा नाकारणे कोणत्या परीक्षकास सोपे गेले असते? नाव झाकल्यामुळे कथेला आपल्या बळावर उभे राहावे लागले. वैज्ञानिक प्रयोगात निरीक्षकाचा कल निकालात मिसळू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तीच येथे साहित्यनिर्मितीत घेतली गेली आहे. पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली, असे नारळीकरांनी नमूद केले आहे. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी विज्ञानकथेस मध्यमवर्गीय वाचकांमध्ये स्थिर स्थान मिळाले.

पुरावा हाच कथेचा गाभा : 'गंगाधरपंतांचे पानिपत'

नारळीकरांच्या कथांपैकी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाची वाटते. 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. त्यामुळे ती देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतात मराठे विजयी झालेले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते. परिणामी इंग्रजांचे राज्य देशभर पसरलेले नाही.

खर्डा परिसरातील विद्यार्थ्यांना ही कथा शिकवताना तिचा एक निराळा अर्थ समोर येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातील या गावाजवळ ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. निजामअलीने खर्ड्याच्या भुईकोटात आश्रय घेतला आणि अखेर त्यास मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. मराठा सरदार एकत्र येऊन लढले व जिंकले, अशी ही शेवटची मोठी लढाई. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि पुण्याच्या दरबारात वारसाहक्काचा कलह माजला. तेव्हा 'पेशवे जगते तर?' हा प्रश्न येथील मुलास कोणी शिकवावा लागत नाही. किल्ल्याच्या भिंती पाहत वाढलेल्या मुलाच्या मनात तो असतोच.

अशा प्रश्नाचे उत्तर बहुधा अभिमानाने दिले जाते. नारळीकरांच्या कथेची खरी कसोटी येथेच लागते. विजयी पानिपताचे चित्र रंगवून वाचकाच्या अभिमानास खतपाणी घालणे त्यांना सहज शक्य होते. परंतु कथेचा भर तेथे नाही. गंगाधरपंत त्या जगात गेल्यावर ग्रंथालय गाठतात. इतिहासाचे खंड काढून कोणत्या पानापासून घटनांचा क्रम बदलला, हे शोधतात. आणि परत आल्यावर त्यांच्या कथनावर विश्वास ठेवावा असे एकच कारण उरते, ते म्हणजे खिशात राहिलेले बखरीचे एक पान. त्या पानावरील मजकूर व आपल्या जगातील त्याच बखरीचा मजकूर शेजारी ठेवून पाहिले जातात. मित्र राजेंद्र देशपांडे आपत्ती सिद्धांत व पुंजभौतिकी यांच्या आधारे स्पष्टीकरण देतो, तेही हे पान पाहिल्यानंतरच. गंगाधरपंतांची विद्वत्ता व प्रतिष्ठा हा पुरावा मानला जात नाही.

म्हणूनच ही कथा विज्ञानाच्या व इतिहासाच्या अध्यापकांना एकाच वेळी उपयोगी पडते. गावातील दंतकथा, पोवाडे, घराण्यांच्या आठवणी यांचा अनादर न करता 'याचा कागद कोठे आहे?' असे विचारण्याची सवय ती लावते. रचनेच्या दृष्टीनेही ती यशस्वी आहे, कारण येथे विज्ञान कथेच्या घडणीतच आहे. बखरीचे पान काढून टाकले तर कथाच कोसळते. लेखकाचे नाव झाकले तरी ही कथा उभी राहते, असे निश्चितपणे म्हणता येते.

पुराणातील नावे आणि आधुनिक विचार

नारळीकरांच्या शीर्षकांत पुराणांतील व परंपरेतील नावे वारंवार येतात. 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला', 'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्याची काही उदाहरणे. वरवर पाहणाऱ्यास हे प्राचीन ज्ञानाचे गौरवीकरण वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्याच्या उलट घडते. 'वामन परत न आला' मध्ये एका लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या माहितीवरून यंत्रमानव तयार केला जातो. लहानशी मागणी करून सर्वस्व व्यापणाऱ्या वामनाची गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असते. त्या ओळखीचा उपयोग करून लेखक स्वतःची संख्या वाढवू पाहणाऱ्या यंत्राचा धोका उलगडतो. 'उजव्या सोंडेचा गणपती' मध्ये श्रद्धेचा विषय असलेली मूर्ती ही डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीचे, म्हणजे आरशातील प्रतिमेच्या गणिताचे निमित्त ठरते. नाव परंपरेचे, युक्तिवाद आजचा, अशी ही पद्धत आहे.

प्राचीन भारतात आधुनिक तंत्रज्ञान होते, असे म्हणणाऱ्यांविषयी त्यांची भूमिका स्पष्ट होती. महाभारतकाळी प्रगत अस्त्रे होती असे मानावयाचे असेल, तर अशा तंत्रज्ञानाबरोबर अपरिहार्यपणे येणाऱ्या साध्या गोष्टींचे, उदाहरणार्थ राजवाड्यातील विजेचे अथवा नळाच्या पाण्याचे, वर्णनही आढळावयास हवे, असा त्यांचा मुद्दा होता. या युक्तिवादाची मातब्बरी अशी की, त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. ग्रंथ काळजीपूर्वक वाचणारा साहित्याचा विद्यार्थीही ही तपासणी करू शकतो.

कुंडल्यांची चाचणी

२००१ च्या सुमारास विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याची योजना पुढे आली, तेव्हा नारळीकरांनी तिला विरोध केला. केवळ विरोध करून ते थांबले नाहीत. २००८ मध्ये सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासमवेत त्यांनी एक चाचणी घेतली. हुशार गणली गेलेली १०० व मतिमंद १०० अशा २०० मुलांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. इच्छुक ज्योतिषांना त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातील, एवढेच सांगावयाचे होते. कुंडली कोणाची, हे ज्योतिषांपासून झाकलेले होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या अचूक उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहून अधिक काही साधले नाही. सर्व २०० कुंडल्या तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हाही योगायोगाचाच आकडा होय.

१९७४ ची कथास्पर्धा आणि २००८ ची ही चाचणी यांच्यात चौतीस वर्षांचे अंतर आहे, पण तत्त्व एकच आहे. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःचे नाव झाकून स्वतःस परीक्षेस बसवले, दुसऱ्या वेळी इतरांस त्याच नियमाने बसवले. स्वतःस लावलेला नियमच त्यांनी इतरांना लावला, म्हणून त्यांच्या अंधश्रद्धाविरोधी लेखनास उपदेशाचा दर्प येत नाही.

मर्यादा

आता हीच कसोटी त्यांच्या सर्व लेखनास लावली असता काही उणिवा मान्य कराव्या लागतात. पहिली उणीव पात्रचित्रणाची आहे. त्यांच्या अनेक कथांतील पात्रे कल्पना वाहून नेण्यापुरतीच असतात. एक जाणता शास्त्रज्ञ व एक अजाण मित्र किंवा वार्ताहर यांच्या संवादातून विज्ञान समजावून दिले जाते. मुंबईत बर्फ पडल्याच्या दृश्याने सुरू होणारी 'हिमप्रलय' ही कथा वाचकास तत्काळ पकडते. पुढे मात्र शास्त्रज्ञ व पत्रकार यांच्या बोलण्यास व्याख्यानाचे रूप येते. अशा जागी नाव झाकले तर आपण ते परिच्छेद तेवढ्याच औत्सुक्याने वाचू काय, याविषयी शंका वाटते.

दुसरी उणीव सामाजिक दृष्टीची आहे. 'धूमकेतू' या कथेत एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता निर्माण होते आणि वैज्ञानिक उपायाने संकट टळते. घरात मात्र त्यांची पत्नी यज्ञ करवते आणि यज्ञामुळेच अरिष्ट टळले, असे मानते. एकाच घटनेची दोन स्पष्टीकरणे एका घरात नांदतात आणि कथा त्यांतील अंतर मिटवत नाही. हा शेवट अतिशय प्रामाणिक आहे. परंतु विवेक पतीकडे व अंधश्रद्धा पत्नीकडे, ही वाटणी सवयीने आली आहे. स्त्रीला शिक्षणापासून दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा प्रश्न कथेत उपस्थित होत नाही. लेखकाच्या पत्नी मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ व गणितविषयक लेखिका होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाटणी अधिकच खटकते.

तिसरी बाब वाचकवर्गाची. त्यांच्या प्रमुख कथा प्रयोगशाळा, परिषदा, विमानतळ व महानगरे यांत घडतात. पावसाच्या अंदाजावर पेरणीचा निर्णय घेणारा शेतकरी किंवा ऊसतोडीसाठी दर हंगामात गाव सोडणारे कुटुंब त्यांत येत नाही. जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हवामान, भूजल व बियाणे यांचे विज्ञान हा जगण्याचा विषय आहे. हे विषय नारळीकरांनीच लिहावयास हवे होते असा आग्रह नाही. मात्र त्यांच्यानंतर मराठी विज्ञानकथा याच महानगरी चौकटीत राहिली, तर तो दोष पुढील लेखकांचा व समीक्षकांचा असेल.

या मर्यादेस छेद देणारी एक गोष्टही नोंदवली पाहिजे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस ते सांगत की, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. पोस्टकार्डास अत्यल्प पैसे पडत आणि ते कोणत्याही खेड्यातून टाकता येई. कथांमध्ये न आलेला ग्रामीण वाचक या मार्गाने त्यांच्याशी बोलू शकत होता, आणि त्यासाठी त्याला प्रश्न तयार करावा लागत होता.

अल्पमतातील शास्त्रज्ञ आणि सामान्य वाचक

नारळीकरांच्या विज्ञानलेखनाविषयी सर्वांत कठीण प्रश्न वेगळाच आहे. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली, हे मत आज बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य आहे. १९६५ मध्ये विश्वात सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाल्यानंतर स्थिर स्थिती सिद्धांताचे समर्थक झपाट्याने कमी झाले. नारळीकर मात्र महास्फोटावरील आक्षेप मांडत राहिले. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्धस्थिर स्थितीची नवी मांडणी केली. तीही बहुसंख्यांनी स्वीकारली नाही. सामान्य वाचकासाठी लिहितानाही ते महास्फोटाविषयीच्या शंका लपवीत नसत.

गणिताचे प्रशिक्षण नसलेल्या वाचकास या वादात निवाडा करता येत नाही. मग लोकप्रिय लेखकाने आपले अल्पमत त्याच्यापुढे ठेवावे काय? यावर असा आक्षेप घेता येतो की, नारळीकरांच्या नावामुळे मराठी वाचकास हा सिद्धांत प्रत्यक्षाहून अधिक बळकट वाटला असावा. या आक्षेपात तथ्य आहे. नाव झाकण्याचे तत्त्व येथे नेमके अडचणीत येते. आकडेमोड तपासू न शकणारा वाचक शेवटी नावाकडेच पाहतो.

तरीही दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. विज्ञान म्हणजे पाठ करावयाची उत्तरे, अशी समजूत आपल्या शिक्षणाने रुजवली आहे. प्रस्थापित मताविरुद्ध शंका कशी घ्यावी, तिच्यासाठी निरीक्षणांचा आधार कसा शोधावा आणि बहुमत विरोधात असतानाही संयमाने कसे बोलावे, हे मराठी वाचकाने नारळीकरांच्या रूपाने पाहिले. ज्योतिषाचा दावा आणि अर्धस्थिर स्थितीचा दावा या दोहोंना त्यांनी निरीक्षणाचीच कसोटी लावली. पहिल्या प्रकरणी निकाल त्यांच्या बाजूने लागला, दुसऱ्या प्रकरणी शास्त्रज्ञांच्या समुदायाने तो विरुद्ध दिला. कसोटी त्यांनी दोन्ही वेळा मान्य केली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नारळीकरांच्या उत्तम कथांत पुरावा हाच कथानकाचा आधार असतो. जेथे विज्ञान संवादातून केवळ सांगितले जाते, तेथे त्यांची कथा दुबळी होते. पुराणातील नावांचा त्यांनी केलेला वापर परंपरेस वैज्ञानिकतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी नाही. त्यांचे मराठी गद्य सोपे व अलंकारविरहित आहे. हिंदी भाषक बनारसमध्ये घरात जपलेली मराठी त्यांनी विश्वरचनाशास्त्रासाठी वापरली आणि विज्ञान मातृभाषेतून शिकवता येते, या आपल्या आग्रहाची प्रचीती स्वतःच्या लेखनातून दिली.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना निघते. नारळीकरांची कथा वर्गात घेताना प्रथम लेखकाचे नाव न सांगता ती वाचावयास द्यावी. कथेतील कोणता दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे आणि कोठे कंटाळा आला, तेही मोकळेपणाने सांगावे. लेखकपरिचय त्यानंतर द्यावा. असे केल्याने एखाद्या कथेस कमी गुण मिळतील, हे संभवते. नारायण विनायक जगताप या नावाने स्पर्धेत उतरलेल्या लेखकाने ती जोखीम १९७४ मध्येच पत्करली होती.